माचिसचं कूळ

आमच्या मास्तरांना शब्द नुसता वापरता येत नाही. तो कुठून आला, त्याचं कूळ कोणतं, हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. जळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवतात, तिथे पोरं बांधलेलीच असतात. पण मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं?

आमच्याकडे पाहुणे तोंडाने 'नाही' म्हणत नाहीत. मनात नसलं की चहावर उठतात. जेवले, की जमलं समजायचं. आमच्या मंदासाठी आलेले आधीचे दोन्ही पाहुणे चहावरच उठले होते. दुसऱ्या वेळी बशा विसळताना ती म्हणाली, "आई, आता कोणाला बोलावू नको." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

म्हणून या खेपेला मी डोकं लढवलं. मेहरूणला माझ्या भावाच्या मळ्यात भरिताचाच बेत ठेवला. आसोद्याची वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. भरितावरून उठून जाणारा माणूस खानदेशात अजून जन्मायचाय. पाहुणे दोंडाईचाचे होते. पितांबर नाना, त्यांच्या झुंबरबाई आणि मुलगा भटू. तो धुळ्याला एसटी डेपोत कारकून होता. त्यांना संध्याकाळची सुरत पॅसेंजर गाठायची होती, पण तोवर जेवणं सहज उरकली असती.

कापसाच्या काड्यांचा ढीग रचला, तेल लावलेली वांगी वर मांडली आणि काड्यापेटी मास्तरांच्या हाती दिली. ते खिसे चाचपत चष्मा शोधू लागले. ते पाहून भटू म्हणाला, "सर, माचिस द्या, मी पेटवतो."

संपलं.

"माचिस," मास्तर पेटी खुळखुळवत म्हणाले, "हा आपला शब्दच नव्हे. इंग्रजी मॅचेस. आणि तो तरी त्यांचा कुठे? फ्रेंचांकडून आणलेला. मूळ अर्थ दिव्याची वात."

"अहो, पेटवा," मी म्हटलं.

"एक मिनिट. आता तुम्ही म्हणाल, क्रिकेटची मॅच?"

कोणी काही म्हणत नव्हतं. वर्ल्ड कप होऊन जेमतेम महिना झाला होता, तो तरी निदान निघायला नको होता. मास्तरांनी तोही काढला. ही मॅच वेगळी, तिचं कूळ अस्सल इंग्रजी, मूळ अर्थ सोबती, जोडीदार. म्हणून तोडीस तोड तोही मॅच, नवरा-बायकोची जोडी तीही मॅच, आणि दोन संघ भिडले तीही मॅच.

"म्हंजे लगीन बी सामनाच शे का, गुरुजी?" नानांनी विचारलं. झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मंदा पुऱ्यांच्या टोपलीपाशी मान खाली घालून बसली होती. पेटी हिसकावून घ्यावी, तर पाहुण्यांसमोर नवऱ्याशी झटापट केल्याची कीर्ती दोंडाईचापर्यंत गेली असती.

अखेर ढीग पेटला तेव्हा ऊन उतरलं होतं. घाईघाईने जाळ मोठा केला, तर वांगी वरून करपली आणि आतून कच्ची राहिली. नानांनी घड्याळ पाहिलं आणि ते उठले. "गुरुजी, गाडीना टाइम व्हयना. आते आमी निंघतस."

शेजारच्या मळ्यातल्या बायका काम टाकून आमच्याकडेच बघत होत्या. आता पोटात चहाच घेऊन पाहुणे निघाले, हे दिवेलागणीपर्यंत सगळ्या मेहरूणला कळणार होतं. मंदाने टोपलीवर फडकं झाकलं. त्या क्षणी मास्तरांचा मला मनापासून तिटकारा आला.

नाना, झुंबरबाई चपला घालत होते. भटू मात्र काडीने जाळातली वांगी उलटवत तिथेच बसला होता.

"तुमी व्हा पुढे," तो वर न बघता म्हणाला. "मी जेवीसन येस."

नाना थबकले. त्यांनी पोराकडे पाहिलं, मग मंदाकडे. झुंबरबाईंनी आधी चपला काढल्या आणि त्या सरळ मंदाशेजारी जाऊन बसल्या. मग नानाही पुटपुटत बसले. मी उगाच मिरच्या निवडत राहिले.

मास्तर माझ्याजवळ सरकले. "गाडी चुकली वाटतं यांची," ते हळूच म्हणाले. "बरं झालं, माझं अर्धंच सांगून झालं होतं."

साहेबाच्या शब्दांचे आईबाप सांगणाऱ्या या माणसाला, भर मळ्यात, डोळ्यांसमोर, 'जेवून येतो' याचा अर्थ कळला नव्हता. मंदाला कळला होता. तिने टोपलीवरचं फडकं काढलं आणि पहिली पुरी भटूच्या ताटात वाढली.