दाबलंस का?

नडगीचं हाड सात महिने झाले तरी जुळायचं नाव घेत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरून बारक्याला मधली काळी फट दाखवली.

"पुन्हा ऑपरेशन करण्याआधी एक करून पाहू. ध्वनिलहरींचं यंत्र आहे. घरीच लावायचं, रोज वीस मिनिटं. काही जाणवणार नाही, ऐकूही येणार नाही. गुण येईलच असं छातीठोकपणे सांगत नाही, पण काहींना येतो."

यंत्र साबणाच्या वडीएवढं होतं. जेल लावून ते पट्ट्याने नडगीवर बांधायचं आणि बटण दाबायचं. पहिल्या दिवशी बायको कामाला गेल्यावर बारक्याने बटण दाबलं, आणि मागून उस्तादने विचारलं, "दाबलंस का?"

मागे नुसती भिंत होती.

उस्तादला जाऊन सात महिने झाले होते. चौदा वर्षं दोघं जोडीने लिफ्टची देखभाल करायचे. बारक्या हे नावही त्यानेच ठेवलेलं, अडतीस वर्षांचा झाला तरी चिकटून राहिलेलं. त्या दिवशी दोघं लिफ्टच्या टपावर उभे होते. उस्ताद कडेला वाकून दोर तपासत होता. लिफ्ट रोखून धरणारं लाल बटण बारक्याच्या बाजूला होतं.

"दाबलंस का?" उस्तादने मान न वळवता विचारलं.

"दाबलं," बारक्या म्हणाला. हातात पाना होता, लगेच दाबू म्हणून बोलून गेला. तेवढ्यात खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली. उस्तादचा तोल गेला तो थेट पाच मजले खाली. बारक्याचा पाय लिफ्ट आणि भिंतीच्या मध्ये सापडला. चौकशीत उस्तादचाच हलगर्जीपणा ठरला. बारक्या तेव्हा गुंगीत होता. नंतर त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही तोंड उघडलं नाही.

आता बटण दाबलं की रोज तोच प्रश्न यायचा. त्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. कामाच्या नादात विचारावं तसा, अर्धं लक्ष दोराकडे ठेवून उस्ताद विचारायचा. मग वीस मिनिटं उत्तराची वाट पाहत कुणीतरी खुर्चीमागे थांबल्यासारखं वाटायचं.

नऊ दिवस त्याने काढले. दहाव्या दिवसापासून तो यंत्र नुसतं बांधून बसू लागला. बटणाला हात लावायचा नाही.

"लावलंत ना?" बायको दुपारी फोनवर विचारायची.

"लावलं."

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी यंत्र हातात घेतलं. किती वेळा चाललं ते त्यातच नोंदलेलं असतं. "फक्त नऊ वेळा?" त्यांनी विचारलं. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"रोज मला धडधडीत खोटं सांगत होतात?" घरी आल्यावर दार लावून तिने विचारलं.

तेव्हा बारक्याने सगळं सांगितलं. टपावरचंही.

तिने काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. मग म्हणाली, "हे मला सांगून काय होणार? वहिनींकडे चला."

उस्तादची बायको शिलाई मशीनवर बसली होती. बारक्या कुबड्या सावरत उभ्यानेच बोलला. तिचा पाय पायडलवर थांबला.

"म्हणजे त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो, वहिनी."

"भावजी, आठ महिने लोक मला सांगतायत, की तो माणूस बेफिकीर होता. माझी मुलगीही तेच म्हणायला लागली." तिने कपड्यांखालून वही ओढली. "लिहून द्या."

त्याने तिथेच लिहिलं. तिने ते बोट फिरवत वाचलं. "त्यांचं वय चुकलंय. एकोणपन्नास नाही, अठ्ठेचाळीस." त्याने खोडून दुरुस्त केलं आणि सही केली. तिने पाणी विचारलं नाही, माफीचंही काही बोलली नाही.

चौकशी पुन्हा उघडली आणि बारक्याची नोकरी गेली. यंत्र मात्र त्याने लिहून दिलं त्या दिवसापासून एकदाही चुकवलं नाही. उस्ताद विचारायचा, बारक्या मोठ्याने म्हणायचा, "तेव्हा नव्हतं दाबलं." खुर्चीमागचा माणूस तरीही वीस मिनिटं हलायचा नाही.

पाच महिन्यांनी फट भरली. यंत्रामुळे की काळामुळे, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. त्यांनी यंत्र परत मागितलं, तेव्हा बारक्या म्हणाला, "अजून आठवडाभर राहू द्या."