मीच हललो होतो

मित्रांनो, मी एक जुना सागरगोटा आहे, पाचांतला एक. वरंधच्या रानात, काटेरी वेलीच्या काटेरी शेंगेत मी पिकलो. रंग करडा, एक बाजू किंचित चपटी, कवच दगडासारखं. मैनाच्या मामाने आम्हाला वेचून तिच्या नाते गावी आणलं आणि भाचीच्या ओंजळीत घातलं.

मैना आणि शेजारची तसनीम रोज दुपारी पडवीत खेळायच्या. एक सागरगोटा वर उडवायचा, तो झेलण्याआधी जमिनीवरचा दुसरा उचलायचा. बाकीचे हलले, की डाव गेला. "तसनीमच्या हातात जादू हाय," असं मैनाच सगळ्यांना सांगायची.

एकदा तसनीम जिंकायला आली होती, आणि मी जागचा घरंगळलो.

"हलवलास! रडी कुठली!" मैना ओरडली.

"अल्लाची कसम, नाय गो हलवला."

"खोटारडी!"

तसनीम उठून गेली. पडवीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार होता, मित्रांनो. मी आपणहून घरंगळलो होतो, पण ते सांगायला मला तोंड नव्हतं. दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. वर्षभरात तसनीमच्या घरचे महाडला राहायला गेले. आम्ही पन्नास वर्षं बरणीत पडून राहिलो.

परवा मैनाच्या नातीने, सेजलने, बरणी उघडली. पडवीत आता फरशी आहे, उतार तोच. मैना शिकवू लागली, आणि मी पुन्हा घरंगळलो.

"हलवलास गो!"

"आजी, माझा हात तरी लागला का? आपोआप गेला तो."

मैनाने मला जागेवर ठेवलं. मी घरंगळलो. तिने पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. मग तिने फरशीवर तळहात फिरवून उतार पाहिला. दुसऱ्या दिवशी तसनीमचा पत्ता मिळवून, आम्हाला रुमालात बांधून तिने महाडची एसटी धरली.

तसनीमने दार उघडलं, तशी मैनाने उंबऱ्यातच रुमाल सोडला.

"तू हलवला नव्हतास. पडवीच उतरती हाय. चुकलं गो माझं."

तसनीम आमच्याकडे बघत राहिली. "त्यानंतर मी कुणाबरोबर खेळलेच नाय."

"मग मांड ना आता!"

"आता? खाली बसले, तर उठवायला क्रेन आणावी लागंल."

दोघी हसल्या. तसनीमने मला वर उडवायला हात उचलला, पण जमिनीवरचे उचलायला खाली बसणं जमणार नव्हतं, म्हणून तसाच खाली घेऊन मला दाराजवळच्या टेबलावर ठेवलं.

मित्रांनो, खेळात भांडण झालं, तर उद्यावर टाकू नका. त्याच दुपारी डाव पुन्हा मांडा, गुडघे दुमडताहेत तोवर.