आईच्या रकान्यातली रेघ

वाटीत तांदळाचं पीठ.

दवाखान्यात पडलेल्या आईची वाढलेली नखं.

जन्मनोंदीच्या जुन्या वहीत, १९४९ : ‘मुलगी. बाप – शालोम झिराडकर, रेल्वे गार्ड.’ आईच्या रकान्यात आडवी रेघ.

‘आजीच्या थडग्याचा फोटो पाठवा, वाचता येईल असा’ – कबरस्तानाच्या ट्रस्टचा माणूस, मुंबईहून, अगदी सौम्यपणे.

शेखर इगतपुरीच्या यहुदी कबरस्तानात गुडघ्यांवर बसून दगडाच्या अक्षरांत पीठ चोळत होता... आई लग्न करून हिंदू घरात विमल झाली, पन्नास वर्षं चतुर्थ्या केल्या, आणि आता नाशिकच्या दवाखान्यात तिचं एकच म्हणणं – मला जाळू नका, माझ्या माणसांत पुरा. माणसं म्हणजे ही, शेवाळलेली. पण आई यहुदी तरच मूल यहुदी, बापाचं चालत नाही. म्हणून त्या रेघेच्या जागी एक नाव हवं – एलिशेबा, आई जन्मभर सांगत आली ते.

‘हळू भरा, दादा,’ कबरस्तानाशेजारी राहणारी मैना म्हणाली. पीठ तिनेच दिलं होतं. ‘मागं एक पाव्हणा आला व्हता, त्याचं समदं मुंग्यांनीच वाचलं.’

ए... लि... शे... बा. शालोमची बायको. कितीतरी दिवसांनी त्याला हसू आलं – आणि बोट आपोआप खालच्या ओळीवर घसरलं. मृत्यू, १२ मार्च १९४६.

आईच्या जन्माआधी तीन वर्षं.

मग आई कोणाची? दुसऱ्या बायकोची, मोलकरणीची, कुठून उचलून आणलेली... आणि तिला हे ठाऊक होतं का, की तीही सांगितलेलं तेवढं धरून...

‘सापडली नव्हं आजी?’ मैना म्हणाली. ‘मंग तोंड का पडलं?’

फोन वाजला.

‘सापडली का रे?’ आईचा आवाज, धाप लागलेला.

‘सापडली.’

‘बघ. मी म्हणत नव्हते?’

त्याने अंगठ्याने तारखेतलं पीठ पुसलं. आकडे पुसट झाले, गेले नाहीत. नाव तेवढं पांढरंशुभ्र. असा फोटो काढता येईल – काढलाही. पण पाठवायचा म्हणजे... बोट पडद्याच्या वर तसंच, आणि मला – शेखरला – वाटलं, मी एका परक्या बाईच्या उशाशी बसून तिला आजी म्हणतोय, आणि तिला नाही म्हणता येत नाहीये.

पीठ भरण्याआधी मी पावलांनी जागा मोजली होती. एलिशेबाच्या डाव्या बाजूला एक कबर मावते.