तळव्याला लागलेलं बोट

धाकटी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. अख्ख्या गावाला डोळे वाटणारी ही बाई, पण स्वतःचा चष्मा काढला की समोरचा माणूस आहे की खांब, हेही तिला कळत नसे. शर्यतीआधी तळ्याच्या काठावर तिनं चष्मा आईच्या हाती दिला. पोहण्याच्या टँकमध्ये तळाशी काळी रेघ असते, ती धरून पोहलं की झालं. इथं कसली रेघ आणि कसलं काय!

"तो नारिंगी फुगा दिसतोय ना? त्याला वळसा घालून परत यायचं," पोहण्याच्या क्लबाचे मास्तर म्हणाले.

"दिसतोय की," धाकटीनं धडधडीत थाप मारली.

गेल्या वर्षी याच शर्यतीत ताई पाण्यात उतरली, ती परत आली नाही. पाणबुडे तळ ढवळून दमले, हाती काही लागलं नाही. ताईचं अर्धवट राहिलेलं अंतर आपण पुरं करायचं, हे धाकटीनं मनाशी धरलं आणि घरात वादळ झालं. शेवटी आई म्हणाली, "एक त्या पाण्यात ठेवलीय मी. तू जा, पण मी काठावर बसणार. तुला घेतल्याशिवाय उठायची नाही."

शिट्टी झाली. बाकीच्यांच्या पिवळ्या टोप्या बघता बघता पुढे निघून गेल्या आणि धाकटी सगळ्यांत मागे पडली. डोळ्यांपुढे नुसतं हिरवं, गार पाणी होतं.

तेवढ्यात तळव्याला बोट लागलं. एकदा साधं, मग दुसऱ्यांदा नखानं, गुदगुली केल्यासारखं.

क्लबात रीतच होती. मागच्याला पुढे जायचं असेल तर त्यानं पुढच्याच्या तळव्याला दोनदा बोट लावायचं, पुढच्यानं बाजूला होऊन त्याला वाट द्यायची आणि मग त्याच्या पायांमागोमाग पोहायचं. नखानं गुदगुली मात्र एकटी ताई करायची. धाकटी सवयीनं बाजूला झाली आणि मग एकदम दचकली. तिनं मान वर काढून मागे पाहिलं.

"मागं कोण शोधताय बाई?" बाजूच्या होडीतून नाववाला म्हणाला. "शेवटच्या तुम्हीच."

तिनं पुन्हा तोंड पाण्यात घातलं. पुढे दोन पांढरे तळवे संथ हलत होते. ते पाय तिनं झोपेतही ओळखले असते. ती त्यांच्यामागे निघाली, फुग्याला वळसा घातल्यावरही त्यांच्याच मागे राहिली. खरं सांगायचं तर तिला जावंसंच वाटत होतं, वर्षभरात पहिल्यांदा तिला एकटं वाटत नव्हतं.

"अहो बाई, तिकडं कुठं? काठ इकडं आहे!" नाववाल्याची हाक आता लांबून आली.

काठ. तिथं आई चष्मा घेऊन बसली होती. धाकटीनं होता नव्हता तेवढा जोर लावला, हात लांबवला आणि त्या बर्फासारख्या तळव्याला दोनदा बोट लावलं.

पाय मुकाट्यानं बाजूला झाले. रीत म्हणजे रीत.

ती हाकेच्या रोखानं पोहत सुटली. मागे पाण्याचा जराही आवाज नव्हता, पण आपल्यामागून कोणीतरी येतंय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पायाला चिखल लागला तशी ती उभी राहिली. घोटाभर पाण्यात येऊन आईनं तिच्या नाकावर चष्मा चढवला, तिचा गाल कुरवाळला. आई रडत होती. धाकटीनं टॉवेलसाठी हात पुढे केला, पण आईनं टॉवेल मागे घेतला. तिची नजर धाकटीच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती.

"तू थांब जरा," आई हळूच म्हणाली. "तिला जास्त थंडी वाजतेय."

धाकटीनं वळून पाहिलं. चष्म्यातून सगळं लख्ख दिसत होतं. पाणी रिकामं होतं.

आईनं टॉवेल उलगडून दोन्ही हात पसरले. त्याच क्षणी धाकटीच्या टाचेला बोट लागलं. एकदा साधं, मग नखानं.

ती बाजूला सरकली.

आईनं टॉवेल रिकाम्या हवेभोवती घट्ट लपेटला, आणि तो कोरडा टॉवेल धाकटीच्या डोळ्यांदेखत भिजत गेला.