अंबूबाईंसाठी सजवलेला फ्लॅट

मित्रांनो, साताऱ्याच्या मंगळवार पेठेतली एक जुनी सहकारी सोसायटी, तिच्या पहिल्या मजल्यावरचा एका बेडरूमचा फ्लॅट म्हणजे मी. वय छत्तीस. दिसतो मात्र परवा बांधल्यासारखा, आणि तेच माझं दुखणं आहे.

पहिली तीस वर्षं माझ्यात शाळेतले एक गुरुजी राहिले. त्यांची मुलं माझ्या भिंतींवर पाढे गिरवून मोठी झाली. पुढे मुलं पुण्याला गेली, गुरुजी वारले आणि माझ्या छताला ओल धरली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा विषय निघाला की लोक नाक मुरडायचे.

मग मला धैर्यशीलने घेतलं. तो फौजेत, बायको पूजाही तिकडेच त्याच्याबरोबर. त्याचे आईवडील, अंबूबाई आणि नाथाजी, मेढ्याच्या वर डोंगरातल्या गावी राहायचे. अंबूबाईंचं हृदय अधू झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, येता पावसाळा गावात काढू नका, रस्ता बंद पडला तर आम्ही काही करू शकणार नाही. दवाखाना माझ्या गल्लीच्या तोंडाला. म्हणून मी.

अश्फाक मिस्त्रींनी मला पार सोलून काढलं. स्वयंपाकघराची भिंत पाडली, फरशी बदलली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. ओट्याच्या वेळी त्यांनी अंबूबाईंना उभं केलं आणि कोपराशी टेप लावला.

"लय उंच नगा करू, मिस्त्री. चवड्यावर उभं ऱ्हावं लागतं मला."

"मावशी, तुमच्या मापाचाच करतो. दुसऱ्या कुणाला न्हाई जमला तरी चालंल."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझं माप कुणी माणसाच्या अंगावरून घेतलं नव्हतं. मी हरखून गेलो.

माघात काम संपलं. मिस्त्री नाथाजींना किल्ली देताना म्हणाले, "आबा, आजच ऱ्हायला या. बंद घर कुजतं."

पण नाथाजी हट्टाला पेटले. वास्तुशांतीशिवाय इथे चूल पेटणार नाही. घर धैर्यशीलच्या नावावर, तेव्हा पूजेला बसणार तो आणि सूनबाई. फाल्गुनातला मुहूर्त काढला, धैर्यशीलची रजा रद्द झाली. वैशाखातला काढला, पुन्हा रद्द. माझी शांती गुरुजींनी कधीच केली होती हो! पण माझं कोण ऐकतं?

अंबूबाई तपासणीला आल्या की कुलूप काढून मला झाडायच्या, पुसायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. चहा शेजारून यायचा. आपल्याच घरात पाहुण्यासारखी बसलेली ती बाई बघून माझा जीव तुटायचा.

ज्येष्ठात आल्या तेव्हा त्यांनी पिशवीत चार लुगडी आणली होती. जिना चढून दम लागला होता.

"आवं, मी ऱ्हाते की हितं. चूल न्हाई पेटवत. खाली डबा मिळतो. गुरुजींची माणसं ऱ्हाऊन गेल्यात, नवं कुठं हाय हे घर?"

"भिंत पाडलीया, अगं. भिंत पाडली की नवंच." नाथाजी म्हणाले. "शांतीच्या आधी तू ऱ्हायलीस आन तुला काय झालं, तर मी काय करू? आषाढात मुहूर्त न्हाई. श्रावणात येतोय पोरगा."

त्यांना तिचीच काळजी होती. तिच्या जिवापायीच ते तिला परत नेत होते. अंबूबाई पिशवी उचलून उठल्या. मला दार लावून घेता आलं असतं तर मी घेतलं असतं, त्यांना आत ठेवून.

आषाढात पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. जीप निघाली. घाटात झाड आडवं पडलं होतं. गावकऱ्यांनी ते तोडून बाजूला करेपर्यंत अंबूबाई नाथाजींच्या मांडीवर गेल्या होत्या.

धैर्यशीलला त्याच दिवशी रजा मिळाली. वरातीमागून घोडं. तेराव्यानंतर बापलेक माझ्याकडे आले. तो प्रत्येक खोलीत जाऊन आला.

"आबा, आई एक रात तरी झोपली का हितं?"

नाथाजी दाराशीच खाली बसले.

"आता तुमी तरी चला ऱ्हायला," धैर्यशील म्हणाला.

"वरीसभर शुभकार्य न्हाई, बाबा. शांती कशी करायची?"

पुन्हा कुलूप लागलं. सोसायटीतले लोक कुणाला घर दाखवायचं असलं की माझ्या खिडकीकडे बोट करतात, "काम करावं तर असं!" त्या कौतुकाला मी काय करू? माझ्या नळांना गंज चढतोय आणि मला त्याचं काही वाटेनासं झालंय.

मित्रांनो, मला झाडूनपुसून ठेवा असं मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, तुमच्या घरातलं कुणी आजारी माणूस मुहूर्ताची वाट बघत थांबलं असेल, तर आज त्याला घेऊन या. अर्धवट घरात आणा, ओल्या भिंतीत आणा. भटजी पुढच्या महिन्यातही येतात.