जग जिंकायला निघालेला तेलाचा डबा

हसू नका, मी एका सिनेमाचा नायक बोलतोय. जन्मानं मी तिळाच्या तेलाचा पत्र्याचा डबा. दिनकररावांनी मला पालथा केला, डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली, कपाळावर स्कूटरचे लाल दिवे बसवले, चंदेरी रंग फासला आणि मी यंत्रमानवाचं डोकं झालो. कितीही घासलं तरी आतला तेलाचा वास मात्र गेला नाही.

चेन्नईला तेव्हा मद्रास म्हणत. दिनकरराव रेल्वेच्या नोकरीत इथे आलेले. मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक व्हायचं. त्या वर्षी त्यांनी सिनेमाच काढला, 'परग्रहावरून बदली'. परग्रहावरच्या सिनेमांचं सगळ्यांना भारी वेड, म्हणून त्यांचीच टिंगल. त्या सिनेमांत परका पाहुणा उतरला की शहरं ओस पडतात. आमचा नायक टी. नगरच्या साड्यांच्या बाजारात, ऐन गर्दीत उतरतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जग जिंकायला आलेला बिचारा भाड्याचं घर शोधत हिंडतो. संहारक किरण सोडायला जावं, तर वीज गेलेली!

नायकाचं तोंड झाकण्याचं कारण साधं होतं. सगळेच सरकारी नोकर, कुणाची बदली कधी येईल भरवसा नाही. झालंही तसंच. बँकेतल्या रविकांतना गुवाहाटीची ऑर्डर आली. मग रणगाड्यांच्या कारखान्यातला उंचापुरा कौशिक माझ्यात शिरला, तर तो जबलपूरला गेला. शेवटचं दृश्य राहिलं, गणपती तोंडावर आलेले, कॅमेरा एकाच सकाळपुरता भाड्यानं मिळालेला.

"मी घालते डोकं," विद्युलतावहिनी म्हणाल्या. दिनकररावांच्याच पत्नी.

"अगं, तू कौशिकच्या खांद्यालाही लागत नाहीस."

"मग काय झालं? परग्रहावरची माणसं इथल्या उन्हात आटत असतील."

एन्नोरच्या किनाऱ्यावर गेलो. मागे वीजकेंद्राची धुराडी, त्यामुळे जगबुडीचा देखावा वेगळा उभारावा लागला नाही. वहिनींनी हात उंचावून भाषण सुरू केलं, "मानवांनो! आजपासून ही पृथ्वी माझी..." आणि थांबल्या. त्यांचा श्वास मला जड लागला. दुसऱ्याच क्षणी त्या पाठ फिरवून धावत सुटल्या. अंगावरचे चंदेरी खोके खडखडताहेत, मी डोक्यावर डुगडुगतोय. एका होडीमागे पोचल्यावर मला भिरकावलं आणि त्या भडाभडा ओकल्या.

कॅमेरा चालूच होता. जगज्जेता माणसांना घाबरून पळाला, असं समजून उत्सवात लोक खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले. दिनकररावांनी तोच शेवट ठेवला. पळण्याचं खरं कारण नवराबायकोनं आपल्यातच ठेवलं. वहिनींना लाज वाटायची.

पुढे मी माळ्यावर गेलो. हो, मला राग आला होता, कुठल्या नायकाला येणार नाही? पण दर दिवाळीला वहिनी मला खाली काढून पुसायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून माझ्यावरची धूळ कुणी पुसली नाही.

गेल्या रविवारी हे घर आवरायला काढलं. दिनकरराव आता शोळिंगनल्लूरला मुलाकडे, यशकडे राहणार. दारात भंगारवाला. त्यानं मला उचलून विचारलं, "सार, इदु वेणुमा?"

"नको, घेऊन जा," यश तमिळमध्ये म्हणाला, आणि मी पोत्यात गेलो.

"थांबव त्याला," दिनकरराव म्हणाले. "आधी सिनेमा बघ. मग काय ते ठरव."

यशनं तो कधीच बघितला नव्हता. बाबांचा पोरकटपणा म्हणून टाळायचा. पण कॅसेटवरचा सिनेमा त्याच्या बायकोनं, सावनीनं, लॅपटॉपवर उतरवून घेतला होता. यश मोबाईल चाळत बसला. मग एकदा खुदकन हसला. किनाऱ्यावरचं दृश्य आलं तेव्हा तर त्याला आवरेना.

"बाबा, हा बुटका कोण? आणि असा पळतो काय!"

"ती तुझी आई आहे. तेलाच्या वासानं मळमळलं तिला. दिवस गेलेत हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?" दिनकरराव म्हणाले. "म्हणजे त्या पळण्यात तूही आहेस बघ."

यशनं दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं. "मानवांनो!" त्याच्या आईचा तरुण आवाज माझ्या पत्र्यातून घुमत आला. त्यानं डोळ्यांवर हात धरले.

"रडतोस काय वेड्या? हस. तिला बघून लोक हसायचे, तेच तिला आवडायचं."

मग तो हसला, रडता रडताच. मराठी न कळणारा भंगारवालाही दारात उभा राहून हसत होता. त्यानं मला पोत्यातून काढलं आणि समोर दिसली त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. ती वहिनींची खुर्ची, हे त्याला कुठून माहीत असणार?

मी आता शोळिंगनल्लूरला असतो. तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं काही पडलं असेल. टाकायचं तर खुशाल टाका, जागा कुणाला पुरते? फक्त त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा आणि विचारा, याच्या आत कोण होतं?