तळाचा थर

सारिका पातेल्यावर वाकून वाटीवाटीने निवळ पाणी उपसत होती. खाली रात्रभर बसलेला गव्हाचा चीक घट्ट, पांढराशुभ्र दिसत होता. अंगणात चूल पेटली होती, खाटेवर धुतलेलं लुगडं ताणून झालं होतं आणि शेजारच्या धुरपदाबाई कुरडया घालायला एवढ्यात येणार होत्या. त्या आल्या की दिवसभर बोलायची सोय नव्हती, आणि संशोधनाला बोलावणाऱ्या ओडिशाच्या सरांना तर आजच उत्तर द्यायचं होतं.

"आई, मला सहा महिने ओडिशाला जायचंय. संशोधनासाठी."

हे वाक्य तिने आठवडाभर मनात घोटलं होतं. हितेंद्रने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, "आईला तूच सांग" म्हणून अंग काढून घेतलं होतं आणि वरणगावच्या फॅक्टरीत पहिल्या पाळीला तो निघूनही गेला होता. सासूबाई, म्हणजे कमलबाई, चुलीत लाकूड सारत होत्या. आत चार वर्षांची पुनम अजून झोपलेली होती.

"कायले?" कमलबाईंनी विचारलं.

"दगड बघायला."

"आपल्या रावेरात दगड नही?"

"आपला काळा दगड वर येऊन सांडला आणि भराभर थिजला. तिथला वितळलेल्या दगडाचा रस जमिनीखालीच अडकून पडला, तीनशे कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वी आतून फार तापलेली होती, त्या रसात मॅग्नेशियम भरपूर. तो इतका सावकाश निवत गेला, की जड हिरवे खडे आधी तयार होऊन तळाशी बसले. मग त्यावर दुसरा थर, मग तिसरा. हलके, पांढरट खडे वरच्या थरांत. अजून सगळं जागच्या जागी आहे, आई. हे बघा, अगदी असं!"

आणि बोलण्याच्या भरात तिने पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा चीक मूठभर वर काढला. पातेलं ढवळून निघालं. निवळ पाणी दुधासारखं झालं.

आता तो पुन्हा बसायला दुपार उलटणार, म्हणजे आजचं ऊन गेलं, आजच्या कुरडया गेल्या. सारिकाला रडूच फुटायचं बाकी राहिलं. हिला साधा चीक सांभाळता येत नाही आणि ही निघाली ओडिशाला, असं ऐकायची तिने तयारी केली.

कमलबाई उठून पातेल्यात डोकावल्या.

"तुझ्या त्या दगडाले बसाले किती वर्सं लागले?"

"हजारो. लाखभरसुद्धा असतील."

"अन् तवर कोनी हात नही घातला?"

"नाही."

"चांगलं झालं, तू नव्हती तिथी."

फाटक वाजलं. धुरपदाबाई हातात सोऱ्या घेऊन आल्या होत्या, मागे त्यांच्या दोन्ही सुना. कमलबाई लगबगीने गेल्या आणि फाटकातच आडव्या उभ्या राहिल्या. आता गल्लीभर शोभा होणार म्हणून सारिकाने मान खाली घातली.

"आज नको बाई, उद्या येजा."

"काबरं? चीक बसला नही का?"

"चिकाचं काय घिऊन बसली! माझी सून ओडिशाले जाऊन राह्यली, सहा महिने. सरकारी दगड पाहाले. आज तिच्या तयारीची गडबड हाये."

"सहा महिने? अन् पोरगी?"

"मी काय मेली का?"

धुरपदाबाई सुनांना घेऊन परतल्या, पण आपल्या घराकडे वळल्या नाहीत. थेट समोरच्या लताबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या रावेरात होणार होती, आणि एकदा धुरपदाबाईंच्या तोंडी गेलेला शब्द खुद्द कमलबाईंनाही मागे घेता येणार नव्हता. सारिकाच्या हातावरून चीक ठिबकत होता. तिला इतका आनंद झाला होता की तो पुसायचंही भान नव्हतं.

"आता माझ्याकडे काय पाहून राह्यली?" कमलबाई म्हणाल्या. "त्या सराले फोन कर. अन् पहिले हात धू."